पायऱ्या परत आल्या, घाट आला नाही

माझी भाची अकरा वर्षांची आहे, वाईला राहते. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत ती तीन आठवडे पुण्याला माझ्याकडे होती. तिला सोडायला आलेल्या ताईनं मला बजावलं होतं, "दिवसभर त्या गेममध्ये डोकं घालून बसते. तू कॉम्प्युटरवाली आहेस ना, मग त्यातूनच काहीतरी शिकव तिला." तो गेम म्हणजे माइनक्राफ्ट. मी सोळा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि त्यातली बरीचशी वर्षं इतरांनी लिहिलेले प्रोग्रॅम कुठल्याही मशीनवर विनातक्रार चालावेत, एवढी सोय करण्यात गेली आहेत. त्यामुळे ताईचं काम मला हातचा मळ वाटलं.

त्या तीन आठवड्यांत माझ्याकडून एक चूक झाली. चूक तांत्रिक होती, एका ओळीची. पण तिच्यामागचा प्रश्न तांत्रिक नाही, असं मला तेव्हापासून वाटतं आहे. दुसऱ्याच्या शिकण्यासाठी जागा तयार करून देणारा माणूस त्या जागेत काय टिकेल आणि काय पुसलं जाईल हे ठरवत असतो. तो अधिकार त्याला दिला कुणी?

*

ज्यांनी हा गेम पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मार्कुस पेर्सन या स्वीडिश प्रोग्रॅमरनं तो २००९ मध्ये लोकांसमोर आणला. माती, दगड, लाकूड, सगळं जग चौकोनी ठोकळ्यांचं. खेळणारा ठोकळे फोडतो, रचतो, हवं ते बांधतो. बांधण्यात रमलेल्या मुलांना जिंकण्या-हरण्याशी फारसं देणंघेणं नसतं. २०१३ मध्ये रास्पबेरी पाय या छोट्या, स्वस्त कॉम्प्युटरसाठी या गेमची एक फुकट आवृत्ती निघाली. पायथन भाषेत आज्ञा लिहून त्या जगात ठोकळे ठेवता येत. पुढे तीच सोय गेमच्या नेहमीच्या सर्व्हरवर आणणारं रास्पबेरीज्यूस नावाचं प्लगइन आलं. म्हणजे जे जग मुलीला आधीच आवडतं, त्यातच तिनं 'सेटब्लॉक' असं लिहायचं, तीन आकडे द्यायचे, चौथा आकडा कुठला ठोकळा ते सांगायचा, की डोळ्यांसमोर दगड उभा. प्रोग्रॅमिंगची पुस्तकं पहिल्या पानावर स्क्रीनवर 'हॅलो' छापायला लावतात. त्यापेक्षा हे कितीतरी बरं.

पण तिथपर्यंत पोचायचं कसं? सर्व्हरला जावा लागतं, तेही ठरावीक आवृत्तीचं. प्लगइनचं सर्व्हरच्या आवृत्तीशी जमावं लागतं. पायथन वेगळं, त्याची लायब्ररी वेगळी. यांतलं एक जरी हललं, तरी पडद्यावर लाल अक्षरांची रांग येते, आणि त्यातलं एक अक्षरही अकरा वर्षांच्या मुलीला उद्देशून लिहिलेलं नसतं.

"पडू दे की धडपडायला, आम्ही नाही का असेच शिकलो," असं म्हणणारे लोक माझ्या धंद्यात पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही, आणि त्याला कारण आहे. मी इंजिनिअरिंगला असताना लॅबमध्ये टर्बो सी असायचं. पहिल्या दिवशी मी पुस्तकातला पाच ओळींचा प्रोग्रॅम जसाच्या तसा टाइप केला आणि उत्तर आलं की अमुक फाइल उघडता येत नाही. प्रोग्रॅम बरोबर होता. कुणीतरी त्या मशीनवर फोल्डरचा पत्ता चुकीचा भरून ठेवला होता. ज्या मुलांच्या घरी कॉम्प्युटर होता किंवा आधी शिकलेला भाऊ होता, त्यांनी दोन मिनिटांत पत्ता बदलला. आम्ही चारपाच मुली तासभर तोच प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा तपासत बसलो. त्यातल्या एकीनं त्या सत्रातच ठरवून टाकलं की हे आपल्याला जमणारं नाही. तिला प्रोग्रॅमिंग जमलं नव्हतं असं नाही. ती प्रोग्रॅमिंगपर्यंत पोचलीच नव्हती.

अडचणींचे दोन प्रकार असतात. एका अडचणीतून बाहेर पडताना विषय कळतो. दुसरीतून बाहेर पडल्यावर फक्त ती अडचण कशी सोडवायची ते कळतं, आणि ती कुणाच्या वाट्याला येणार हे बहुतेक वेळा घरच्या परिस्थितीवर ठरतं. दुसऱ्या प्रकारची अडचण काढून टाकणं हे लाड करणं नव्हे, तो न्यायाचा भाग आहे. मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोममधल्या गरीब वस्तीत पहिलं बालगृह काढलं, तेव्हापासून त्यांच्या पद्धतीत 'तयार केलेलं वातावरण' या गोष्टीला मोठं स्थान आहे. मुलाच्या उंचीची खुर्ची, मुलाच्या हाती लागेल असं कपाट. त्यांचा लाकडी दट्ट्यांचा ठोकळा प्रसिद्ध आहे. दट्ट्या चुकीच्या खाचेत बसवला, तर शेवटी एक दट्ट्या उरतो किंवा बसत नाही. चूक झाली हे बाईंनी सांगावं लागत नाही, साहित्यच सांगतं. खुर्चीची अडचण काढायची आणि दट्ट्याची ठेवायची, असा तो विवेक आहे. मीही तेच करायचं ठरवलं.

*

माझ्या धंद्यात यासाठी हुकमी साधन आहे, कंटेनर. शब्द गोदीतला आहे. १९५६ च्या एप्रिलमध्ये 'आयडियल एक्स' नावाचं जहाज अमेरिकेत न्यूअर्कहून ह्यूस्टनला ५८ पेट्या घेऊन गेलं आणि मालवाहतुकीची तऱ्हाच बदलली. उरणच्या रस्त्यावर न्हावा-शेव्याकडे जाणाऱ्या ट्रेलरच्या रांगेत जो अडकला आहे, त्यानं त्या पेट्या पाहिलेल्या आहेत. आत खेळणी आहेत की औषधं, हे क्रेनला ठाऊक असावं लागत नाही. पेटी ठरावीक मापाची असली की झालं. पेटीची सगळी ताकद या बेपर्वाईत आहे.

२०१३ मध्ये आलेल्या डॉकरनं हीच कल्पना सॉफ्टवेअरमध्ये सर्वांच्या हाती दिली. आधी एक पाककृती लिहायची. अमुक आवृत्तीचं जावा घ्या, तमुक सर्व्हर उतरवा, प्लगइन इथे ठेवा, मग हे चालवा. त्या पाककृतीवरून यंत्र एक बंद पेटी उभी करतं. पेटीतल्या प्रोग्रॅमला वाटतं की सगळं मशीन आपलंच आहे. बाहेरच्या फाइली त्याला दिसत नाहीत, बाहेरच्या गोष्टींना त्याचा धक्का लागत नाही. पेटी बिघडली तर दुरुस्त करत बसायचं नाही, टाकून द्यायची आणि त्याच पाककृतीवरून दुसरी उभी करायची. आमच्याकडे नवशिक्याला पहिल्याच आठवड्यात सांगतात की पेटीवर जीव लावू नकोस.

दोन संध्याकाळी बसून मी हे सगळं उभं केलं. एका पेटीत गेमचा सर्व्हर, दुसरीत पायथन. सर्व्हर पहिल्यांदा चालवताना एका फाइलमध्ये 'फॉल्स' खोडून 'ट्रू' लिहावं लागतं. त्याचा अर्थ, कंपनीचा वापरकरार मला मान्य आहे. ती ओळ मी पाककृतीतच घालून टाकली, म्हणजे तो प्रश्न भाचीपर्यंत जायलाच नको. आज आठवतं की तिच्या वतीनं मी दिलेली ती पहिली संमती होती. तेव्हा मात्र काम सुटसुटीत झाल्याचाच आनंद होता. जुन्या लॅपटॉपवर एक कमांड दिली की चाळीसेक सेकंदांत सगळं तयार.

"यात तू काहीही कर," मी तिला सांगितलं. "तुझ्यानं काही मोडणार नाही."

*

तिनं माझा शब्द खरा धरला. दुसऱ्याच दिवशी पायथनमधून हजारो स्फोटकांचे ठोकळे रचून पेटवले. सर्व्हर गुदमरला. मी तो थांबवून पुन्हा सुरू केला, मग ती दिलखुलास हसली. चौथ्या दिवशी तिनं ठरवलं की वाईचा घाट बांधायचा.

आधी हातानं बांधायला लागली. सात-आठ पायऱ्यांनंतर कंटाळून म्हणाली, "मावशी, प्रत्येक पायरी आधीच्यासारखीच आहे, फक्त एक खाली आणि एक पुढे." मी गप्प राहिले. एवढं तिचं तिला दिसल्यावर लूप शिकवायला काही उरलंच नव्हतं. पायरी एकदा लिहायची आणि ती किती वेळा हवी ते सांगायचं. उंचीतून दर खेपेला एक वजा करायचा, तेव्हा वजाबाकीचं चिन्ह विसरल्यामुळे घाट आभाळाकडे चढत गेला. दट्ट्या चुकीच्या खाचेत बसला होता. तिनं नुसतं वर पाहिलं, स्वतःशी "अरेच्चा" म्हणाली आणि चिन्ह घातलं. लूपच्या आतल्या ओळी चार स्पेस सोडून का लिहायच्या, यावरून मात्र तिनं माझ्याशी अर्धा तास भांडण केलं.

पायऱ्या कोडनं झाल्या. बाकीचं तिनं हातानं केलं. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, कृष्णेला पूर आला तर पाणी त्या टोकावर दुभंगून दोन्ही बाजूंनी जावं म्हणून. ती भिंत चौकोनी ठोकळ्यांनी बांधायची म्हणजे अवघडच. तिनं दोन दिवस ती मोडली आणि बांधली. नदीत दोन होड्या सोडल्या. तिनं पाळलेला एक लांडगा त्या जगात मेला होता, त्या जागेवर एक लाल फूल लावलं. रोज संध्याकाळी त्या फुलापाशी जाऊन मगच लॅपटॉप बंद करायची.

दहाव्या रात्री ती झोपल्यावर मी पाककृती उघडली. दुसऱ्या दिवशी तिला कासव फिरवून वर्तुळं काढणारी लायब्ररी दाखवायची होती. त्यासाठी दोन ओळी वाढवल्या, हात फिरता आहे तर सर्व्हरचीही एक ओळ नीटनेटकी केली, पेट्या नव्यानं उभ्या केल्या आणि सगळं ठीक आहे ना पाहायला जगात शिरले. समोर गवताचं मैदान होतं आणि दोन मेंढ्या. नदी नव्हती.

पेटी थांबवून पुन्हा सुरू केली, तर आत लिहिलेलं शाबूत राहतं. दहा दिवस तेच होत होतं. पण पाककृती बदलून नवी पेटी उभी केली की जुनी काढून टाकली जाते आणि तिच्या आत जे साठलेलं असेल ते तिच्याबरोबर जातं. जे टिकायला हवं त्याला पेटीबाहेर जागा द्यावी लागते, बाहेरचं एखादं फोल्डर आत जोडून. त्यासाठी एक ओळ पुरते. यात साधनाचा काही दोष नाही, ते असंच चालतं हे मी स्वतः कितीतरी जणांना शिकवलेलं आहे.

मी विसरले, असं म्हणून हे संपवता आलं असतं. पण मी ती ओळ एका फोल्डरसाठी लिहिली होती. तिच्या पायथनच्या फाइली पेटीबाहेर सुरक्षित होत्या. हाताला सवयच तशी आहे. कोड म्हणजे काम, कोड म्हणजे ठेवायची गोष्ट. जग म्हणजे ते काम तपासून पाहायचं मैदान. ती शिकत होती ते कोड, आणि ती खेळत होती ते जग, अशी वाटणी माझ्या मनात इतकी पक्की होती की ती वाटणी आहे हेही मला दिसलं नव्हतं.

*

त्या रात्री साडेअकराला माझ्यासमोर दोन सोप्या वाटा होत्या. एक, सकाळी सांगायचं की लॅपटॉप बिघडला. तिनं विश्वास ठेवला असता. दुसरी वाट जास्त मोहाची होती. पायऱ्यांचं कोड शाबूत होतं आणि ताईला पाठवलेला देवळाचा एक फोटो फोनमध्ये होता. रात्रीतून सगळं परत बांधून ठेवलं, तर तिला कळणारही नाही. मी बांधायला बसलेसुद्धा. अर्ध्या तासात लक्षात आलं की माशाच्या टोकाचा कोपरा तिनं कसा वळवला होता, ते मला येत नाही. फूल नेमकं कुठे होतं तेही ठाऊक नव्हतं. पण मी थांबले ते तेवढ्यासाठी नाही. ही प्रतिकृती तिला आपलीच म्हणून देणं हे पहिल्या खोट्यापेक्षा मोठं खोटं झालं असतं. पहिल्यात मी माझी चूक लपवली असती. दुसऱ्यात तिनं केलेली गोष्ट माझ्या हातानं झाली असती, आणि तिला ते कधीच कळलं नसतं.

सकाळी सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं, पण रडली नाही. तिनं विचारलं, "तुझं काय काय गेलं?"

"माझं काही नाही गेलं."

"मग माझंच कसं गेलं?"

मी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर दोन चौकोन काढून पेटी, आत, बाहेर असं सगळं समजावून सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे कसं ठेवायचं ते तुला येत होतं. आणि तू कोड ठेवलंस."

"हो."

ती उठून गेली आणि दुपारपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

तिच्या प्रश्नाचं तांत्रिक उत्तर मी दिलं होतं, खरं उत्तर पुढच्या काही दिवसांत मला सुचलं. तुझ्यानं काही मोडणार नाही, असं मी तिला म्हटलं होतं आणि ते अक्षरशः खरं होतं. तिच्यापासून माझा लॅपटॉप, माझ्या फाइली, माझी पाककृती, सगळं सुरक्षित होतं. माझ्यापासून तिचं जग सुरक्षित नव्हतं. संरक्षण एकाच दिशेनं होतं आणि त्याचं वर्णन मी तिच्या सोयीची गोष्ट म्हणून केलं होतं. मुलांसाठी आपण ज्या सुरक्षित जागा तयार करतो, त्यांतल्या किती जागांना हे लागू पडेल, हा विचार मला अजून सोडत नाही. वर्गातल्या भिंतीवरचं चित्र नवा तक्ता लावायच्या वेळी कोण काढतं? मूल मोठं झालं म्हणून त्याचा खेळण्यांचा खोका कुणाला विचारून रद्दीत जातो? आपण तर त्या खोक्याला पसाराच म्हणतो.

*

दोन आक्षेप मला सांगण्यात आले, दोन्ही भल्या माणसांकडून. पहिला असा की शिकायचं ते शिकून झालं, लूप तिला आला, जग गेलं तर काय बिघडलं? सीमूर पेपर्ट हे 'लोगो' या मुलांसाठीच्या संगणकभाषेच्या निर्मात्यांपैकी एक. त्यांनी १९८० च्या 'माइंडस्टॉर्म्स' या पुस्तकाच्या सुरुवातीला आपल्या लहानपणाची गोष्ट सांगितली आहे. त्यांना दातेरी चाकांचं वेड होतं आणि पुढे गणित कळताना ती चाकं मनात फिरत राहिली. मग ते सावध करतात की यावरून प्रत्येक मुलाला चाकांचा संच द्यायला निघाल, तर गोष्टीतलं मर्मच निसटेल. कारण त्यांचा त्या चाकांवर जीव जडला होता, म्हणून ती उपयोगी पडली. संच पुन्हा पुन्हा काढता येतो, जीव जडणं काढता येत नाही. भाचीला लूप आला तो घाटामुळे, आणि घाट तिला हवा होता कारण तो तिचा होता. ज्या लोभाच्या जोरावर मी तिला शिकवत होते, त्याच लोभाला मी ठेवायच्या यादीत जागा दिली नव्हती.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. काहीच टिकत नसतं, तेही शिकू दे. आपण नाही का गणपती विसर्जित करत? रांगोळी नाही का दुसऱ्या दिवशी पुसत? खरं आहे. पण विसर्जन आपण करतो. आरती करून, पुढच्या वर्षी लवकर या म्हणून, स्वतःच्या हातानं मूर्ती पाण्यात सोडतो. आपण झोपलेलो असताना कुणी सोयीसाठी तिसऱ्याच दिवशी मूर्ती उचलून नेली, तर त्याला विसर्जन म्हणत नाहीत. अनित्यतेचा धडा ज्याचं आहे त्यानं सोडण्यात आहे. दुसऱ्यानं पुसून तो शिकवला, तर मूल एवढंच शिकतं की आपल्या गोष्टी कुणाच्या तरी मर्जीवर आहेत.

म्हणून माझ्यापुरतं उत्तर असं आहे. शिकणाऱ्याच्या वाटेतले निरर्थक दगड उचलणं हे आपलं काम आहे, आणि ते करताना अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. पण जागा तयार करून दिली म्हणून त्या जागेत उगवलेलं आपलं होत नाही. ते आपल्याला फालतू वाटलं, तरी त्यातलं काय जपायचं हे विचारण्याचं बंधन आपल्यावर राहतं. विचारायला दहा सेकंद लागतात. तेवढा वेळ मी दहा दिवसांत काढला नव्हता, कारण उत्तर मला ठाऊक आहे असं मी धरून चालले होते.

*

त्या दिवशी दुपारी ती आपणहून लॅपटॉपपाशी आली आणि तिनं तिचा घाटाचा प्रोग्रॅम चालवला. मैदानाच्या मधोमध, पाणी नसताना, पायऱ्या धडाधड उतरत गेल्या. एकही चुकली नाही. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "या नुसत्या पायऱ्या आहेत. घाट नाहीये हा." मग तिनं लूपमध्ये दगडाच्या जागी हवेचा आकडा घातला, प्रोग्रॅम पुन्हा चालवला आणि पायऱ्या पुसून टाकल्या. ते मी तिला शिकवलेलं नव्हतं.

बाहेरच्या फोल्डरची ओळ तिनं स्वतः टाइप केली. फोल्डरचं नाव काय ठेवायचं विचारलं, तर 'माझं' ठेव म्हणाली. पुढच्या दोन दिवसांत तिनं तीनदा मला पेटी मोडून नवी उभी करायला लावली, जग परत येतं की नाही ते पाहायला. ठरावही झाला की पाककृतीला हात लावण्याआधी मी विचारायचं, मग ती झोपलेली असली तरी सकाळपर्यंत थांबायचं. वाईला जाताना तिनं ते फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतलं आणि पेन ड्राइव्ह कंपासपेटीत ठेवला.

आता त्या जगात एका डोंगरावर तिची एक शाळा आहे, तिचं छप्पर अजून व्हायचं आहे. घाट तिनं पुन्हा बांधायला घेतलेला नाही. फोनवर एकदा माझ्या तोंडाशी आलं होतं, पण मी विचारलं नाही.